भगवंताचे आईबाप

जिनाप्पांनी शब्द दिला तो बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, पूजा कमिटीच्या बैठकीत. घरात तो कळला दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोही डेअरीवर. त्यांच्या पत्नी बाळाबाई दुधाची किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. मागच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काकू, पुण्य केलंसा. तुमची सून भगवंताची आई व्हणार म्हणं." बाळाबाईंनी दूध घातलं, घरी आल्या आणि चहाचं आधण ठेवलं. बातमी चांगली असली की त्या गप्प बसत, वाईट असली तरी गप्पच बसत. त्यामुळे त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळायची सोय नव्हती.

माघात गावात नव्या मूर्तीची पंचकल्याणिक पूजा व्हायची होती. तीर्थंकर आईच्या पोटी येतात तिथपासून मोक्षाला जातात तिथपर्यंतचे पाच प्रसंग त्या पूजेत मांडवात करून दाखवतात. त्यासाठी गावातलं एक जोडपं भगवंताचे आईबाप होतं. आईला सोळा स्वप्नं पडतात, बाळ पाळण्यात घालतात आणि पाळण्याची दोरी ओढायला आख्खं गाव लोटतं. मान मोठा, पण त्याला एक अट असते. ती सगळ्यांना माहीत असते म्हणून कुणी मोठ्यानं बोलत नाही. ज्या जोडप्यानं हा मान घ्यायचा, त्यानं त्या दिवसापासून जन्मभर ब्रह्मचर्य पाळायचं. म्हणून या जागी बहुतेक साठी ओलांडलेलं जोडपं बसतं. त्यांना व्रताची अडचण नसते, तासन्‌तास मांडी घालून बसायची असते.

जिनाप्पांनी नाव दिलं होतं आपला मुलगा वृषभ आणि सून दीप्तीचं. वृषभ बेचाळिशीचा, दीप्ती त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

जिनाप्पांच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मांडवाला जागा त्यांच्या रानातली होती, तेव्हा मान त्यांच्या घरात येणार हे ठरल्यातच जमा होतं. बाळाबाईंचे गुडघे गेलेले. राहिली सून. बिचारीला मूल नाही. सणावाराला ओटी भरताना बायका हात आखडता घेतात, हे त्यांनी पाहिलं होतं आणि ते त्यांना लागतही होतं. आता तीच सून भगवंताची आई होईल, आणि उद्यापासून त्याच बायका तिच्या पाया पडतील. व्रताचं म्हणाल तर, जिनाप्पांच्या लेखी त्यात सोडण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. नवराबायकोनं एकत्र यायचं ते मुलासाठी. मूल होणार नाही हे ठरलं की ते येणं कशासाठी, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडत असे. ते स्वतः वृषभच्या आजच्या वयाच्या आतच व्रतात गेले होते. त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता आणि गावानं जिनाप्पांचा सत्कार केला होता. तंबाखूची वखार बंद पडली, भाऊ वाटण्या करून निपाणीला गेले, उसानं बरे दिवस दाखवले, पण पंचक्रोशीत जिनाप्पांचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा त्या व्रताचंच बोलत.

वृषभ त्या बैठकीत बापाच्या शेजारीच होता. नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्यानं हात जोडले. लोकांनी जयजयकार केला. घरी येऊन त्यानं बायकोला काहीच सांगितलं नाही. जेवला आणि पेपर उघडून बसला.

रविवारी दुपारी उपाध्ये यायचे होते. पूजेचे विधी त्यांच्याकडे होते, आणि नवराबायको दोघांच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय ते नाव पत्रिकेत छापू देत नसत.

वृषभची थोरली बहीण ब्राह्मी शनिवारी संध्याकाळीच बेळगावहून आली. खडेबाजारात तिच्या सासरचं कापडाचं दुकान होतं, आणि भगवंताच्या आईला नेसवायचा शालू माहेरवाशिणीनं आणायचा हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात दीप्तीच्या समोर शालू उलगडून बसली.

"रंग बघ. तुला खुलून दिसंल."

दीप्ती दोडका चिरत होती. ती निपाणीच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा बाकीच्या बाई खाली मान घालून एका तासात उरकतात आणि ही मात्र फळ्यावर आकृती काढून शिकवते, अशी तिची ख्याती होती. त्यावरून एकदा पालकांची तक्रारही आली होती.

"आक्का, मला कुणी विचारलेलं नाही," ती म्हणाली.

"आता इचारायला उपाध्ये येणारच हाईत की."

"ते होकार ऐकायला येणार आहेत."

ब्राह्मीनं शालूची घडी घातली. तिचा या भावजयीवर जीव होता, पण तिचं सगळं बोलणं असं तोलूनमापून असतं याचा तिला रागही यायचा. माणसानं जरा हरखावं, रडावं, काही तरी करावं!

"हे बघ दीप्ती, मी स्पष्टच बोलते. माझ्या जावेच्या पोराच्या बारशाला तुला न्हेलं न्हवतं मी. का न्हेलं न्हाय ते तुला ठाऊक हाय. मला आजूनबी त्याची लाज वाटतीया. आता हे झालं की कुणाची बिशाद न्हाय तुला मागं ठेवायची. पाळणा तू हलवणार. सगळा मांडव तुला आई म्हणणार. एवढ्यासाठी तरी व्हय म्हण."

दीप्तीचा विळीवरचा हात थांबला. इतक्या वर्षांत पाळणा हा शब्द या घरात तिच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. तो पाळणा तिला हवा होता. मांडवातला, खोटा, सजवलेला, कसाही. ब्राह्मीला ते दिसलं आणि तिनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमचं तसं बी आता..." ती हळू आवाजात म्हणाली. "म्हंजे, पोर व्हण्याचं वय सरलं. मग सोडायचं काय त्यात?"

"आक्का," दीप्तीनं विचारलं, "तुमची दोन्ही पोरं आता कॉलेजात आहेत. तुम्ही दाजींना सांगितलंय का, आता आपलं काम झालं म्हणून?"

ब्राह्मीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती काही तरी बोलायला गेली, मग पदर तोंडाशी नेऊन हसली, मग हसू आवरून उठली आणि शालू कपाटात ठेवायला गेली. जाताना तिनं दार जरा जोरातच लावलं. दीप्तीकडे पाठ करून बाळाबाई ओट्याशी उभ्यानं भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढचा उंडा घेतला.

वृषभ मागच्या दारी गोठ्याशी होता. संकेश्वरला त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. रविवारी दुकान बंद, म्हणून तो गोठ्यात काम नसताना काम काढत बसला होता. दीप्ती आली तेव्हा तो धुतलेली घमेली पुन्हा धूत होता.

"तुम्ही हात जोडलात," ती म्हणाली.

"मग काय करायचं व्हतं? सगळी बघत होती."

"नको म्हणायचं."

"कसं म्हणायचं? नको म्हटलं की सगळ्यांना कळणार."

"काय कळणार?"

वृषभनं घमेलं पालथं घातलं. काय कळणार ते तिलाही ठाऊक होतं. व्रत नको म्हणणं म्हणजे गावासमोर उभं राहून, मला माझी बायको हवीय, असं सांगणं. पोरंबाळं असलेल्या माणसालासुद्धा ते तोंडातून काढता आलं नसतं. मूल नसलेल्या माणसानं ते बोलायचं म्हणजे लोकांनी वर्षभर हसायचं. मूल होईना, तरी याचं आपलं चालूच आहे! हे वाक्य वृषभनं दोन रात्री स्वतःच्या कानात ऐकलं होतं, आणि ते म्हणणाऱ्यांचे चेहरेही त्याला दिसत होते.

"तुम्हाला हवंय का व्रत?" दीप्तीनं विचारलं. "तेवढं सांगा. तुम्हाला मनापासून हवं असेल तर मी काहीच बोलणार नाही. जाईन मांडवात."

त्याला आठवत होते ते दवाखान्याचे दिवस. आधी बेळगाव, मग कोल्हापूर. डॉक्टर तारखा काढून द्यायचे. त्या दिवशी तो संकेश्वरहून दुकान टाकून यायचा, ती शाळेतून रजा घेऊन. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता ते काम उरकायचे आणि मग महिनाभर वाट बघायची. किती वर्षं तसं चाललं. त्याला त्या खोलीचीच धास्ती बसली होती. दारूशी संबंध नव्हता म्हणून, नाहीतर तो प्यायलाच असता. मग एके दिवशी दीप्तीनं गोळ्या उचलून कचऱ्यात टाकल्या आणि म्हणाली, आता पुरे. त्यानंतर कित्येक महिने दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपत होते. आणि मग, कुणी तारीख दिलेली नसताना, कशाची वाट बघायची नसताना, एका पावसाळी दुपारी ती काहीतरी सांगत हसली आणि त्याच्या मनात आलं, ही आपली बायको आहे. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याला ते त्या दुपारी कळलं होतं. गेली दोन-तीन वर्षं तो दुकानातून वेळेवर घरी येत होता, आणि त्याचं कारण आप्पांना सांगण्यासारखं नव्हतं.

"बोला की," दीप्ती म्हणाली.

"मला न्हाय सांगता यायचं आप्पांना."

"मग मी सांगते."

"तू नको बोलू. तू बोललीस तर आजूनच वाईट दिसंल."

"कुणाला?"

त्यानं पुढचं घमेलं पाण्यात बुडवलं. ती आत निघून गेली. ती रडत होती का हे त्याला पाठीमागून कळलं नाही, आणि पुढे जाऊन बघायचा त्याला धीर झाला नाही.

उपाध्ये आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. धरणेंद्र उपाध्ये मूळचे चिकोडीकडचे, बोलायला गोड आणि व्यवहाराला चोख. सूर्य मावळायच्या आत जेवून निघायचं म्हणून त्यांनी आल्या आल्याच विषयाला हात घातला. सोप्यात सतरंजी अंथरली होती. जिनाप्पा भिंतीला टेकून ताठ बसले. वृषभ खांबाशी बसला, दीप्ती आणि ब्राह्मी उंबऱ्याच्या आत. बाळाबाईंना खाली बसता येत नसे, म्हणून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर होत्या.

"माझं काम सोपं हाय," उपाध्ये म्हणाले. "दोघांनी एकदा सांगायचं की हे व्रत आमच्या इच्छेनं घेतोय. जबरदस्तीचं व्रत लागत न्हाय. वृषभ, तू सांग आधी."

वृषभनं सतरंजीचा दोरा ओढला. "आप्पा म्हणतील तसं," तो म्हणाला.

"आप्पांची इच्छा न्हाय इचारली मी."

"पंडितजी," दीप्ती उंबऱ्याच्या आतून म्हणाली, "माझी इच्छा नाही."

ब्राह्मीनं तिच्या दंडाला धरलं आणि मग सोडून दिलं. जिनाप्पांनी सुनेकडे पाहिलं नाही. ते उपाध्यांकडे बघूनच बोलले.

"पोरीला नीट समजलं न्हाय. समजावून सांगा तिला."

"मला समजलंय, आप्पा."

"समजलंय तर मग ऐक." जिनाप्पांचा आवाज चढला नाही. आवाज चढवणं हा त्यांचा मार्गच नव्हता. "आपण शेतकरी माणसं. निसर्गाचा नेम डोळ्यांम्होरं बघतो. गाय वर्षातनं आपल्या वेळंलाच बैलाकडं जाती. गाभण राह्यली की त्याला जवळ फिरकू देत न्हाय. जनावराला कळतंय हे कशासाठी हाय ते. पिकासाठी पेरायचं. पीक येणार न्हाय हे कळल्यावर रोज उठून पेरत बसणाऱ्याला आपण काय म्हणतो? निसर्गानं जे ज्या कामासाठी केलं, ते त्या कामापुरतंच वापरावं. त्याच्या म्होरं जे जातं त्याला वासना म्हणतात. हे मी न्हाय म्हणत, निसर्गच म्हणतो."

"आप्पा," दीप्ती म्हणाली, "गाईनं कधी बैलाला जेवलास का म्हणून विचारलंय?"

ब्राह्मीच्या तोंडून एक आवाज निघाला. तिनं तो खोकल्यात बदलला.

"चेष्टा नको," जिनाप्पा म्हणाले.

"चेष्टा नाही करत. मी हेच शिकवते वर्गात. जनावरांचं जसं असतं तसं मला ठाऊक आहे. पण बैल आजारी गाईच्या उशाशी बसत नाही. ती म्हातारी झाली तरी तिच्याजवळच राहीन असं म्हणत नाही. माणसाचं निसर्गानंच वेगळं केलंय. आम्ही दहा-बारा वर्षं फक्त मुलासाठी एकत्र आलो, आप्पा. तुम्ही म्हणता तसं, नेमून दिलेल्या कामापुरतं. त्याच्याइतकं वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून यांना हात लावायचा, नाहीतर नाही. तेव्हा आम्ही एकमेकांना जनावरासारखंच वागवत होतो." तिचा आवाज इथे फुटला, पण ती थांबली नाही. "आता आम्ही नवराबायको आहोत. मला ते सोडायचं नाही. पाळण्यासाठीसुद्धा नाही."

उपाध्यांनी घसा खाकरला. असले संवाद त्यांच्या समोर होत नसत, आणि झाले तर त्यांनी ऐकू नयेत अशी पद्धत होती. पण आता ऐकून झालं होतं.

"शास्त्रात श्रावकाला, संसारी माणसाला, एवढंच सांगितलंय," ते म्हणाले, "की आपल्या लग्नाच्या जोडीदारात समाधान मानावं. तेबी व्रतच हाय, आणि ते ही दोघं पाळतातच. याच्या म्होरं जाऊन जो सगळंच सोडतो तो मोठा. पण न सोडणारा पापी ठरत न्हाय, आप्पा. मोठेपणा लादता येत न्हाय."

"मी लादत न्हाय. वृषभ तयार हाय. त्यानं सगळ्यांसमोर हात जोडलेत." जिनाप्पा मुलाकडे वळले. "सांग."

सगळे वृषभकडे बघत होते. दीप्ती बघत नव्हती. तिनं मान खाली घातली होती, आणि वृषभला कळलं की आपण आता काहीही बोललो तरी ती मान वर करणार नाही, कारण तिला आपल्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही. त्या गोष्टीची त्याला लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"आप्पा, मलाबी नको," तो म्हणाला.

"काय?"

"व्रत. मला नको. ती बोलली ते खरं हाय. मला..." त्याला पुढचा शब्द सापडेना. बापासमोर तो शब्द कधी वापरलाच नव्हता. "मला घरी यावंसं वाटतंय, आप्पा. आधी न्हवतं वाटत."

जिनाप्पांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. या वयात, स्वतःच्या आईबहिणीसमोर, पंडितांसमोर हा असं बोलतो, याचा त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी रागाची वाट बघितली. तो आला, पण म्हणावा तेवढा आला नाही, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं.

"मी कमिटीला शब्द दिलाय," ते शेवटी म्हणाले. "आता तोंड कुठं दाखवायचं?"

"त्याला वाट हाय की," उपाध्ये घाईनं म्हणाले. उन्हाकडे त्यांचं लक्ष होतंच. "तुम्ही दोघं बसा. तुम्ही तर कधीचे व्रतात हाईसा. आख्खा तालुका तुमचं नाव घेतो. वैनींच्या गुडघ्यासाठी चौरंग ठेवू. गावाला उलट बरंच वाटंल."

"हे बरं सुचलं," ब्राह्मी म्हणाली. तिनं दीप्तीच्या पाठीवर हात फिरवला आणि लगेच शालूचा विचार करायला लागली. आईला तो रंग जरा भडक वाटेल, पण चालेल.

जिनाप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. शब्द राहिला, मान घरात राहिला, पोरांचंही निभावलं. "ठरलं तर," ते म्हणाले.

"वैनींना इचारायला पाहिजे," उपाध्ये म्हणाले. "नेम हाय. वैनी, तुमची इच्छा हाय न्हवं?"

बाळाबाई गोकाककडच्या. माहेरी सगळं कानडी. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मराठीच बोलत आल्या होत्या, आणि कानडी त्यांच्या तोंडात यायची ती फक्त माहेरचं कुणी वारलं की.

"ननग ब्याड," त्या म्हणाल्या.

मला नको. एवढी कानडी सोप्यात बसलेल्या प्रत्येकाला येत होती, तरी कुणाला कळलं नाही.

"गुडघ्याचं म्हणतीया ती," जिनाप्पा म्हणाले.

"गुडघ्याचं न्हाय. व्रत नको मला. तवाबी नको व्हतं."

"तवा म्हंजे?"

"तुम्ही घेतलंसा तवा. महाराजांपुढं नारळ ठेवून आलासा. मला बस्तीतनं परत आलेल्या बायकांनी सांगितलं." बाळाबाई खुर्चीच्या हाताला धरून बोलत होत्या. आवाज अगदी साधा होता, दुधाचा हिशेब सांगावा तसा. "रातच्याला तुम्ही हातरूण उचललंसा आन् माडीवर न्हेलंसा. मी पोर गमावून म्हैना झाला न्हवता. मला वाटलं, मेलेलं पोर पोटातनं काढलं म्हणून मी नकोशी झाले."

वृषभ आणि ब्राह्मी दोघांनीही वर पाहिलं. आपल्या पाठीवर एक मूल झालं होतं हे त्यांना ठाऊक होतं. बाकीचं ठाऊक नव्हतं.

"नकोशी?" जिनाप्पांचा आवाज आता खरोखरच चढला. "तू मरणार व्हतीस! डॉक्टरनं मला भाईर बोलावून सांगितलं, पुन्हा दिवस राह्यले तर बाई वाचायची न्हाय. मी काय करणार व्हतो? तू जगावीस म्हणून घेतलं मी व्रत!"

"आप्रेशन व्हतं की. गावातल्या निम्म्या बाया सरकारी दवाखान्यात जाऊन आलत्या. मी गेले असते."

"निसर्गानं केलेल्या शरीराला कात्री लावायची? ते निसर्गाच्या उलटं..."

"आन् मी एकटी खालच्या खोलीत निजायची, ते निसर्गाला धरून व्हतं?"

गावानं जिनाप्पांना शाल पांघरली तेव्हा बाळाबाई बायकांत बसल्या होत्या, हे त्यांना स्पष्ट आठवत होतं. त्या रडत होत्या. आनंदानं रडतात असं सगळे म्हणाले होते, आणि त्यांनीही तेच धरलं होतं.

"मला सांगायचं व्हतं गं," ते म्हणाले.

"कुणाला? तुमच्यासंगं बोलायलासुद्धा लोक आधी वाकून नमस्कार करायची."

उपाध्ये उठले. जेवायचं राहू द्या, असं काहीतरी ते म्हणाले. दीप्ती त्यांना पाणी द्यायला उठली तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि चपला घातल्या. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "आप्पा, पत्रिका उद्या छापायला जाईल. कमिटीला मी सांगू का तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतो."

जिनाप्पांनी मोबाइल काढला. अध्यक्षांचा नंबर त्यांना कधी सापडायचा नाही, तो वृषभनं काढून दिला. पलीकडे बराच गलका होता, मांडवाचे खांब उतरवत होते बहुतेक. दुसरं जोडपं बघा, आमच्या घरातनं कुणी बसणार न्हाय, असं जिनाप्पा म्हणाले. पलीकडून मोठ्यानं काहीतरी विचारलं गेलं. लोकांना कारण काय सांगायचं, असं असणार.

जिनाप्पांनी बाळाबाईंकडे पाहिलं.

"सांगा," ते फोनमध्ये म्हणाले, "घरात इचारायचं राहून गेलतं."

त्यांनी फोन बंद केला. ब्राह्मी डोळे पुसत आत गेली. दीप्तीनं वृषभला खुणावलं आणि दोघं मागच्या दारानं बाहेर पडले. जाताना वृषभनं तिचा हात धरला. तो सगळ्यांना दिसला तरी त्यानं सोडला नाही.

सोप्यात दोघंच उरले. बाळाबाई खुर्चीवर, जिनाप्पा खाली सतरंजीवर. दिवेलागण झाली होती, पण दिवा लावायला कुणी उठलं नाही.

"अहो," बाळाबाईंनी विचारलं, "आन् तुम्हाला? तुम्हाला कसं गेलं माडीवर?"

इतक्या वर्षांत जिनाप्पांना गावानं व्रताबद्दल पुष्कळ काही विचारलं होतं. महाराजांनी, कमिटीनं, व्याख्यानाला बोलावणाऱ्यांनी. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी भिंतीला टेकलेली पाठ सोडली आणि खाली बघत उत्तर दिलं.

"जड गेलं. लई जड गेलं गं. जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचो मी, तुझ्या खोकल्याचा आवाज येतोय का बघायला."